राखेवरचं गवत

वीज कंपनीच्या संचालक मंडळावर घेताना अध्यक्ष असलेल्या मामेभावाने निवृत्त न्यायाधीश ताईंना सांगितलं होतं, "ताई, वर्षातून चार बैठका आणि भरपूर चहा." हे अध्यक्षमहाशय साठीला टेकले, तरी घरात अजून बाळ्याच.

पर्यावरण अहवालाचा मसुदा आला. त्यात वीजकेंद्रातली कोळशाची ओली राख साठवायचा जुना तलाव आता कोरडा आणि सुरक्षित असल्याचं लिहिलं होतं. ताई म्हणाल्या, "सही करण्याआधी बघून येते."

भर दुपारी कंपनीच्या इंजिनियरने त्यांना तलावाच्या बांधावर नेलं. खाली नजर पोचेल तिथवर हिरवंगार गवत, पण पाखरू नाही की किडा नाही. वारा पडला होता. तरी मधलं गवत हळूच वर उचललं जात होतं आणि पुन्हा बसत होतं, झोपलेल्या माणसाच्या पोटासारखं.

"चला, उतरू."

"इथूनच छान दिसतं, मॅडम." त्याने नजर चुकवली.

ताई एकट्याच उतरल्या. जमीन कोमट लागली. थोडं पुढे जाताच पाय घोट्यापर्यंत आत गेला आणि खालून कुणीतरी तो अलगद धरला. खेचला नाही, नुसता धरून ठेवला. इंजिनियरने धावत येऊन त्यांना बाहेर काढलं. चप्पल आतच राहिली, आणि बघता बघता वरचं गवत मिटलं.

बांधापलीकडच्या उतारावर कामगारांची वस्ती होती. तिथल्या भिंतींना करडा घाम फुटला होता.

"एका चपलेपायी कंपनीची अब्रू घालवायची?" बैठकीत बाळ्या हसला.

"तू तिथे उभा राहून ये. मग म्हणशील तिथे सही करते."

तो तावातावाने गेला. परतला तेव्हा चेहरा पांढराफटक. दोन्ही पाय वर घेऊन खुर्चीत बसला, लहानपणी घाबरला की बसायचा तसा.

"लिहा," तो सेक्रेटरीला म्हणाला. "तलाव आतून ओला आहे. बांध झिरपतोय. वस्ती हलवतोय."

अहवाल त्याच शब्दांत जाहीर झाला. शेअर कोसळले, भागधारकांनी बाळ्याला फाडून खाल्लं. शेवटचं कुटुंब नव्या घरी गेलं, त्याच आठवड्यात बांध फुटला. आवाज असा झालाच नाही. राख गल्लीगल्लीतून सरकत घराघरांत शिरली.

दोघं टेकाडावरून पाहत होते.

"आत कुणी नाही ना, ताई?"

"नाही रे. मी स्वतः घरोघर फिरलेय."

"मग दारं कोण लावतंय?"

ताईंनी त्याचा हात घट्ट धरला. खाली वस्तीतली दारं एकेक करून आतून लागत होती.