रघूचं गाऱ्हाणं आणि महरीन मॅडमचे चार उपाय

गेल्या शिमग्यात रघू गोताड नारळ हातात धरून देवीच्या पालखीपुढे उभा राहिला, "बा म्हाराजा" एवढंच म्हणाला आणि गप्प झाला. गावासाठी देवीकडे मागणं मागायचं, म्हणजे गाऱ्हाणं घालायचं, आणि घालणाऱ्याचं एकेक वाक्य संपलं की गावाने "व्हय म्हाराजा" म्हणायचं, ही रीत. गावाने वाट बघितली. मग रीत मोडायला नको म्हणून रघूच्या गप्प बसण्यालाच चार वेळा "व्हय म्हाराजा" म्हणून टाकलं. पाचव्या वेळेला त्याचा चुलतभाऊ नितेश पुढे झाला, त्याने नारळ काढून घेतला आणि गाऱ्हाणं उरकलं.

तसा रघू मुका नाही. हातखंब्याच्या तिठ्यावर त्याचं पंक्चरचं दुकान आहे. तिथे तो ट्रकवाल्यांशी पाच भाषांत भांडतो, आणि त्यातल्या तीन त्याला येत नाहीत. पण दुकान वेगळं, पालखी वेगळी.

गाऱ्हाणं घालायचा मान गोताडांच्या थोरल्या घराचा. रघूच्या वडिलांनी, आप्पांनी, तो एकतीस वर्षं चालवला. आप्पांचा आवाज चढला की समोरच्या सड्याच्या माळावरची गुरं चरायची थांबत. मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारले, वाचा गेली. म्हणून गेल्या वर्षी रघू उभा राहिला, आणि पुढचं सांगितलंच. गावकरांनी, म्हणजे गावच्या मुख्य मानकऱ्यांनी, बैठकीत ठरवलं, की रघूला अजून एक शिमगा द्यायचा. जमलं तर ठीक, नाहीतर मान नितेशच्या घरी, कायमचा.

माझं रेशनचं दुकान. वाडीतल्या कुठल्या घरात किती तोंडं आणि त्यातलं कुठलं किती चालतं, दोन्ही मला पाठ. माझ्या हिशेबाने रघूचा मान गेल्यात जमा होता.

त्याची बायको नम्रता मात्र माझा हिशेब मानत नाही. तिने रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ मनाचे उपचार करणाऱ्या महरीन मॅडम शोधून काढल्या आणि मला म्हणाली, "अनिलभावजी, तुमीच ह्यांना गाडीवरनं न्या. एकटे गेले तर हे हातखंब्यालाच उतरतील."

महरीन मॅडमचं वय असं, की आमच्या वाडीत त्या वयाच्या पोरीचं नाव अजून बापाच्याच रेशनकार्डावर असतं. रघूने खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं, "मॅडम, गोळी कुठची?"

"गोळी नाही. आपण बोलायचं."

"बोलता येत न्हाय म्हणून तर आलो."

मॅडम हसल्या. "मी एकाच पद्धतीला धरून बसत नाही, रघूदादा. विचार तपासायची वही, अंग सैल सोडून मनात चित्र बघणं, स्वतःला सांगायची वाक्यं आणि खुर्चीशी बोलणं. चारही थोडं थोडं घेऊ. माणूस काही एकाच बाजूने अडकलेला नसतो."

"म्हणजे चारी टायर बदलणार," रघू म्हणाला. त्याला पटलं.

वहीत तीन रकाने होते. मनात आलेला विचार, त्याच्या बाजूचा पुरावा, त्याच्या विरुद्धचा पुरावा. पुढच्या मंगळवारी रघूने वही उघडून दिली. विचार : मी पुन्हा गप्प होणार. बाजूचा पुरावा : गेल्या वर्षी झालो, साक्षीदार दोनशे चौदा, नावं मागच्या पानांवर. तिसरा रकाना कोरा. मॅडमनी मागची पानं उलटून बघितली. खरोखरच नावं होती. माझं सातवं.

"रघूदादा, तुम्ही स्वतःवरच केस लावलीय. आता तुमच्या बाजूने वकील कोण उभा राहणार?"

"अन्या ऱ्हाईल," रघू माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. मी खिडकीबाहेर बघितलं.

मग डोळे मिटून शांत जागा आठवायचा उपाय. लोक समुद्र आठवतात, बाग आठवतात. रघूने दुकानातली पाण्याची टाकी आठवली. ट्यूब बुडवायची आणि बुडबुडे कुठून येतात ते बघत बसायचं. खुर्चीतच मान कलंडून तो इतका शांत झाला, की बाहेर नंबर लावून बसलेल्या बाईंनी आत डोकावून विचारलं, "मिक्सर चालू आहे का हो?"

वाक्यांचं प्रकरण जरा लांबलं. मॅडमनी सांगितलं होतं, रोज सकाळी मोठ्याने म्हणा, मी न घाबरता बोलतो. रघू पडवीत उभा राहून म्हणाला. पण त्याच्या घराण्याचा गळा तो, सूर गाऱ्हाण्याचाच लागला. स्वयंपाकघरातून नम्रताच्या तोंडून आपोआप निघालं, "व्हय म्हाराजा!"

"माझ्या मनात बळ हाय!"

"व्हय म्हाराजा!" ह्या वेळी शेजारची गंगाकाकी पण.

आठवड्याने आठ घरं साथ द्यायला लागली. शाळेची पोरं हुंकार देऊन मगच बस पकडायची. रघू बिचकत मॅडमना म्हणाला, "हे असं चालतं का? फुकट जायचं न्हाय ना?"

"आठ घरं ऐकत असताना तुमच्या तोंडून वाक्य पुरं निघतं," मॅडम म्हणाल्या. "हे तिसऱ्या रकान्यात लिहिलंत का?"

रघूने वही काढली. पेन मी दिलं.

राहिली खुर्ची. मॅडमनी समोर रिकामी खुर्ची मांडली. "इथे आप्पा बसलेत असं समजा. मनातलं त्यांना सांगा."

"समजायचं कशाला? आहेत की घरी."

मॅडम पुढचं समजावून सांगणार, तोवर आमची वेळ संपली. पुढच्या मंगळवारी रघूने रिक्षातून आप्पांना आणलं. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा. धरून नेऊन त्या खुर्चीत बसवलं.

"अहो, खुर्ची रिकामीच ठेवायची असते," मॅडम म्हणाल्या. आप्पांनी त्यांना एका हाताने नमस्कार केला. मॅडमनी कपाळाला हात लावला. "बसा काका. आता आलाच आहात."

रघू बराच वेळ पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिला. मग म्हणाला, "आप्पा, मना तुमच्यासारखं येत न्हाय."

वाचा गेलेल्या माणसाचं सगळं बोलणं जात नाही, घोटून घोटून पाठ झालेलं कधी कधी राहतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आप्पांनी छाती भरून घेतली. "व्हय म्हाराजा!"

"मी घराचं नाव घालवलं."

"व्हय म्हाराजा!"

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. मी काय करणार? खुर्ची त्यांची, आप्पा रघूचे.

रघूचा आवाज फुटला. "मग तुमाला माज्यापेक्षा नितेशच बरा वाटत असंल!"

आप्पा थांबले. मान हलवली, उजवीकडे, डावीकडे. मग धडक्या हाताने त्यांनी रघूचा कान पकडला आणि असा पिळला, की पंचेचाळीस वर्षांचा रघू कळवळून "आयं गं" म्हणाला आणि रडायला लागला. रडता रडता हसायला लागला. आप्पांनी कान काही सोडला नाही.

"हे मला कोणी शिकवलं नव्हतं," मॅडम हळूच म्हणाल्या, "पण आजचं काम झालं."

शिमगा आला. दुपारी पालखी सहाणेवर टेकली, म्हणजे देवीच्या ओट्यावर. ढोल थांबले. रघूने नारळ घेतला.

"बा म्हाराजा."

आणि गप्प.

"व्हय म्हाराजा," गाव म्हणालं, जरा दबकत. आणखी एकदा म्हणालं. नितेश एक पाऊल पुढे सरकला. नम्रताने पदराचं टोक दातात धरलं.

"बा म्हाराजा!" रघू एकदम ओरडला. "आज ह्यो नारळ धरून उभा हाय, त्याच्या मनात विचार आलाय, का त्याची जीभ पुन्हा अडकणार!"

"व्हय म्हाराजा!"

"बाजूचा पुरावा, गेल्या वर्षी अडकली व्हती!"

"व्हय म्हाराजा!" हा सगळ्यात मोठा. गाव खोटं कशाला बोलेल?

"इरुद्ध पुरावा, आठ घरांसमोर रोज बोलतोय, एकदाबी अडकली न्हाय!"

"व्हय म्हाराजा!"

"आन अडकली, तरी आई पालखी उचलून जात न्हाय म्हाराजा!"

इथे आधी बायका हसल्या, मग पुरुष. हसता हसता हुंकार आला. आणि रघूची गाडी जी सुटली! मुंबईचे चाकरमानी, आंब्याचा मोहोर, काजू, गुरं, जयगडला नोकरीला असलेली पोरं, सगळ्यांना देवीच्या पदरात घातलं. कुणी मागून ओरडलं, "रघू, माज्या बीपीचं घाल!" त्याने घातलं. गंगाकाकीने सुनेचं घालायला सांगितलं, लगेच सुनेने काकीचं सांगितलं. त्याने दोन्ही घातली, नावं न घेता. मी घड्याळ लावलं होतं. आप्पांची जास्तीत जास्त नऊ मिनिटं. रघूने एकोणचाळीस घेतली.

नारळ फुटला. गावकर म्हणाले, "मान तुझाच, रघू. पण पुढच्या वर्षी जरा आटपतं घे. ढोलवाले जेवून आले."

माझा हिशेब चुकला होता, आणि तो चुकल्याचं मला वाईट वाटलं नाही, हे मी दुकानात कोणाला सांगितलेलं नाही.

गर्दी पांगल्यावर नितेश जवळ आला. मला वाटलं, आता भांडण. तो इकडेतिकडे बघून म्हणाला, "दादा, बरं झालं तू बोललास. गेल्या वर्षी तुज्या जागी बोललो ना, तवापासनं शिमगा म्हटलं का भीतीनं गोठ्यात जाऊन बसतो. घरात कोणाला सांगायची सोय न्हाय."

रघूने विचारलं, "वर्षभर?"

"वर्षभर."

"मंगळवारी सकाळी नऊला तयार ऱ्हा. मॅडमकडे नेतो तुला."

मी गाडीची किल्ली काढून रघूच्या हातात दिली. भाऊ भाऊ आहेत, आता आपले आपण जातील.