रविवारचे आकडे

रुग्णालयाच्या फाटकावर नवा फलक चढला, तो सिताराम जाधवांनी उभ्या उभ्या तीन वेळा वाचला. चार चार्जर, चार चकचकीत मोटारी, रुग्णालयाचे आणि चार्जिंग कंपनीचे नाव शेजारी-शेजारी, आणि खाली ठसठशीत अक्षरांत हमी : ‘वीज गेली तरी चार्जिंग सुरूच.’ तिसऱ्या वाचनाला त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वीज गेल्यावर या आवारात सुरू राहतो तो फक्त मागच्या शेडमधला जनरेटर, आणि त्याच्याच जिवावर पहिल्या मजल्यावरचे व्हेंटिलेटर चालतात. मग मोटारींना वीज कोठून मिळणार होती?

ते तडक पॅनेलरूममध्ये गेले. चार्जरची जोडणी फाटकाजवळच्या साध्या पॅनेलवरून होईल, असे त्यांना सांगण्यात आले होते. त्यासाठी पुढच्या आवारातल्या नव्या फरश्या उखडून नव्वद मीटर चर खणावा लागणार होता. सिताराम आठ दिवस गावी गेले होते. तेवढ्यात फरश्या वाचवून केबल मागच्या मागे आणली गेली आणि थेट जनरेटरवर चालणाऱ्या इमर्जन्सी पॅनेलमध्ये घुसवली गेली.

जाधव औरंगाबादच्या तंत्रनिकेतनाचे विद्युत पदविकाधारक. सानपाड्याच्या या रुग्णालयात त्यांची एकवीस वर्षे गेली होती. वयाची साठी उलटल्यावर वर्षावर्षाच्या मुदतवाढीवर ते मुख्य विद्युत पर्यवेक्षक होते, आणि नव्या वर्षाचा कागद प्रशासकीय प्रमुख सुचिता मॅडमच्या टेबलावर सहीसाठी पडून होता. हे सर्व ठाऊक असूनही त्यांनी चार्जरचा ब्रेकर बंद केला, त्याला आपले कुलूप घातले आणि नाव लिहिलेली लाल पट्टी अडकवली. वीजकामातला नियम साधा आहे : ज्याचे नाव पट्टीवर, कुलूप त्यानेच काढायचे.

कंपनीची इंजिनिअर अकरा वाजता आली. महापेच्या कार्यालयातून आलेली ही इंजिनिअर म्हणजे सितारामांची धाकटी मुलगी मैत्री. दुपारी एकच्या उद्घाटनापूर्वी जोडणी तपासून प्रमाणपत्रावर सही करण्याचे काम तिच्याकडे होते.

‘‘ही केबल इथे आणायला कोणी सांगितलं?’’

मैत्रीने न चिडता फाइल उघडली. जनरेटर चारशे किलोवॅटचा. रुग्णालयाचा भार एकशे तीस, चार चार्जरचा दोनशे चाळीस. बेरीज तीनशे सत्तर, म्हणजे क्षमतेच्या आत.

‘‘एकशे तीस? हा आकडा कुठून आणलास?’’

‘‘तुमच्याच वहीतून, बाबा. दोन वर्षांच्या नोंदी आहेत. प्रत्येकीखाली तुमची सही आहे.’’

त्या वहीत जनरेटरच्या दर आठवड्याच्या चाचणीचे आकडे होते. जनरेटरची चाचणी पूर्वी दर बुधवारी दुपारी होत असे. दोन वर्षांपूर्वी, चाचणीच्या वेळी दिवे क्षणभर लुकलुकतात, अशी तक्रार डॉक्टरांनी केली आणि मॅडमनी चाचणी रविवारी सकाळी सहाला ढकलली. त्या वेळी शस्त्रक्रियागृहे बंद, सीटी स्कॅन बंद, अर्ध्या इमारतीचे एसी बंद. सितारामांनी मान डोलावली होती. त्यानंतरचा प्रत्येक आकडा खरा होता. पण तो कोणत्या वेळचा, हे त्यांनी एकदाही लिहिले नव्हते. स्वतःवरचा हा संताप गिळवेना, तेव्हा तो लेकीवर कोसळला.

‘‘रुग्णालयाचा भार मोजायला निघालीस आणि वेळ विचारली नाहीस? शिकवलं कोणी तुला?’’

‘‘तुम्हीच,’’ मैत्री म्हणाली. ‘‘आणि वहीत लिहिलेलं ते सत्य, हेही तुम्हीच शिकवलंत.’’

तेवढ्यात सुचिता मॅडम खाली आल्या. ‘काका, काका’ करीत त्यांनी आधी गोडीने समजावले. पाहुणे निघाले आहेत, करारात अखंड चार्जिंगची हमी आहे, आणि मुदतवाढीचा कागद त्या आजच हातावेगळा करणार होत्या.

‘‘आणि वीज जाते तरी किती वेळा, काका? वर्षातून तीन-चारदा.’’

‘‘व्हेंटिलेटरवरच्या माणसाला एकदा पुरते, मॅडम.’’

त्यानंतर गोडी संपली. मॅडमनी इलेक्ट्रिशियन दिपेशला बोलावून कुलूप तोडायला फर्मावले. सानपाडा गावातलाच तो चाळिशीचा गडी. त्याने कुलूप पाहिले, लाल पट्टी वाचली आणि हातातला पाना खिशात घातला.

‘‘नाय जमनार, मॅडम. कुलपावर काकांचा नाव हाय. आज मी तोडला, न उद्या माझा हात आत असताना दुसऱ्या कोनी तोडला तर? माझे बायकोला तुमी सांगनार काय?’’

मॅडम मैत्रीकडे वळल्या. शेवटी सही कंपनीची लागते, रुग्णालयाच्या कर्मचाऱ्याची नव्हे, असे त्यांनी बजावले. मैत्रीने सही केली नाही. तिने वडिलांपुढे हात केला. सितारामांनी मुकाट्याने टाँग टेस्टर तिच्या हातात दिला. त्याचा चिमटा तिने एकेका केबलभोवती अडकवला आणि काहीही बंद न करता तिन्ही फेजचा विद्युतप्रवाह मोजला. बारा वाजून वीस मिनिटे झाली होती. वर दोन शस्त्रक्रिया चालू होत्या. हिशेब आला दोनशे अडुसष्ट किलोवॅट. त्यात चार्जरचे दोनशे चाळीस मिळवल्यावर तिने पेन थांबवले.

‘‘पाचशे आठ. चारही गाड्या लागलेल्या असताना वीज गेली, तर जनरेटर भार घेताच बसेल, मॅडम. वर अंधार होईल. या जोडणीला मी सही देत नाही. केबल साध्या पॅनेलवरून आणा आणि फलकावरची हमी काढा.’’

हमी करारात आहे, मॅडम म्हणाल्या.

‘‘मग करार बदला. हे आकडे मी आत्ताच कंपनीला आणि रुग्णालयाला, दोन्हीकडे पाठवते.’’

‘‘जाधव,’’ मॅडमनी ‘काका’ सोडून दिले होते, ‘‘महिनाअखेरीनंतर तुम्ही येण्याची गरज नाही.’’

‘‘महिनाअखेरीपर्यंत मी आहे,’’ सिताराम म्हणाले. ‘‘कुलूपही आहे. त्यानंतर जो येईल, त्याने दुपारचा भार माझ्यासमोर मोजावा, सही करावी आणि किल्ली घ्यावी. न मोजता मागणाऱ्याला ती मिळणार नाही.’’

एक वाजता पाहुणे आले, सरबत प्याले, फीत न कापताच गेले. महापेहून मैत्रीच्या वरिष्ठांचा फोन आला. तिला अर्धा तास बोलणी खावी लागली. फोन ठेवून ती पॅनेलरूममध्ये परतली, तेव्हा सिताराम लाल शाईचे पेन घेऊन जुनी वही उघडून बसले होते. प्रत्येक जुन्या नोंदीच्या समासात ते लिहीत होते : ‘सकाळी सहा. शस्त्रक्रियागृहे बंद. हा पूर्ण भार नव्हे.’ आणि खाली आजची तारीख.

दोन वर्षांच्या नोंदी बदलताय का, असे तिने विचारले.

‘‘आकड्याला हात लावलेला नाही,’’ ते मान वर न करता म्हणाले. ‘‘जे लिहायचं टाळलं, ते लिहितोय. बस इथे. तारखा वाच.’’

त्यांचा आवाज अजून कडक होता. मैत्रीने स्टूल ओढले आणि पहिली तारीख वाचली. वर तिसरी शस्त्रक्रिया सुरू झाली होती.