माझ्या पोटातल्या शिळ्या तारखा

मित्रांनो, चर्चच्या एका मोडक्या बाकाच्या फळीतून माझा जन्म झाला. मी हातभर लांबीची जुनी पेटी आहे आणि माझ्या झाकणाला आता एकच बिजागरी उरली आहे. चर्चच्या मागच्या खोलीत दोन कपाटं पुस्तकं आहेत. त्या वाचनालयाची मी कार्डपेटी. ज्या सुताराने मला बनवलं, त्यानेच पहिलं पुस्तक घरी नेलं आणि परत आणायला तो चार महिने विसरला.

माझं काम साधं आहे. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर कागदी खिसा असतो, त्यात एक कार्ड. पुस्तक कुणी नेलं की बाई कार्डावर त्याचं नाव आणि तारीख लिहितात आणि कार्ड माझ्या पोटात ठेवतात. पुस्तक परत आलं की कार्ड पुन्हा खिशात. बाई म्हणजे दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. रविवारची उपासना संपली की अर्धा तास त्या टेबलापाशी बसतात. पूर्वी रांग दारापर्यंत जायची आणि मला त्याचा भलताच तोरा होता.

मग बाईंच्या बोटांना संधिवाताने धरलं. एक नाव लिहिताना पेन्सिल दोनदा निसटायची. रांगेतली माणसं उगाच भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची. हळूहळू रांग आटली. बाई मात्र दर रविवारी मला पुसायच्या, पेन्सिलीला टोक काढायच्या आणि दाराकडे बघत बसायच्या. कुणी यायचं नाही. माझ्या पोटात त्रेपन्न कार्डं तशीच पडून होती आणि सगळ्यांत ताजी तारीख दीड वर्षापूर्वीची होती. झाकण उघडलं की मला लाजच वाटायची.

एके दिवशी चर्चचे सेक्रेटरी आले. ते पेशाने प्लंबर, सरळ स्वभावाचे. त्यांनी कार्डं एकेक करून पाहिली. "बाई, त्रेपन्न पुस्तकं बुडाली. दीड वर्षात एकही नवा वाचक नाही. खोलीत घडीच्या खुर्च्या तरी ठेवू." बाईंनी मान खाली घातली. मी खोटं काहीच दाखवलं नव्हतं, तरी माझ्याच पुराव्याने त्यांचं काम बंद पडत होतं. पेटीला तोंड नसतं याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

पुढच्या रविवारपर्यंत पुस्तकं परत करा, अशी सूचना उपासनेत वाचली गेली. तो रविवार उजाडला आणि दारात ही गर्दी. सगळ्यांत पुढे बेकरीवाली होती.

बाईंनी तिचं कार्ड शोधलं. "दीड वर्ष झालं. संपलं नव्हतं का अजून?"

"माझं आठ दिवसांत संपलं हो. मग नणंदेने नेलं, तिने शिंप्याला दिलं, त्याच्या आईने दोनदा वाचलं. काल धावपळ करून शोधून आणलंय."

"मग इथे येऊन नाव का नाही बदललंत?"

बेकरीवाली घुटमळली. "तुमच्या बोटांकडे बघवत नव्हतं. आम्हीच ठरवलं, पुस्तकं आपसांत फिरवू. तुम्हाला तेवढाच आराम."

मागचे लोकही माना डोलावू लागले. सगळ्यांची तीच गोष्ट होती.

"आराम," बाई म्हणाल्या. "दीड वर्ष मी इथे दाराकडे बघत बसले. मला वाटलं, मी तुम्हाला नकोशी झाले."

त्या रडल्या नाहीत, आणि म्हणूनच मला ते जास्त लागलं.

भिंतीचं माप घेत असलेले सेक्रेटरी टेप गुंडाळत जवळ आले. "वाचलं म्हणता, पण कमिटीला मी तोंडी काय सांगू? कार्डांवर नवी नावं, नव्या तारखा दिसू देत. तीन महिने थांबतो."

लगेच चौघांनी पेन्सिलीला हात घातला. बाईंनी ती काढून घेतली. "मी लिहीन," म्हणाल्या. पहिल्याच कार्डाला बराच वेळ लागला. रांगेतले दोघे "घाई आहे, पुन्हा येतो" म्हणून सटकले. ते अजून आलेले नाहीत.

आता दोन महिने सरले आहेत. कधी दहा जण येतात, गेल्या रविवारी तिघेच आले. उरलेल्या चार रविवारांत काय होईल, या विचाराने माझा जीव टांगणीला लागला आहे. खुर्च्या तर बाहेर येऊनही पडल्या आहेत.

मित्रांनो, तुमच्या जवळपासही असं एखादं वाचनालय असेल. तिथे जा. टेबलामागची बोटं अडखळत असतील तर पेन्सिल हिसकावू नका आणि दया येऊन मागच्या मागे निघूनही जाऊ नका. जरा उभे राहा आणि तुमचं नाव त्यांना पूर्ण लिहू द्या.