धुराची वाट

गिरजाबाईचे मुरमुरे एकदा ज्यानं खाल्ले, तो चामोर्शीच्या बाजारात दुसऱ्या दुकानाकडे वळून पाहत नसे. मार्कंड्याच्या जत्रेत तर तिची पोती दुपारीच रिकामी होत. तापल्या रेतीत उकडे तांदूळ टाकायचे, झाऱ्यानं परतायचे, खाली मुठीमुठीनं धानाचा कोंडा जाळायचा आणि फुंकणी तोंडाला लावून जाळ जिता ठेवायचा, हे काम तिनं उभा जन्म केलं. कोंड्याचा धूर साधा नसतो, तो छातीत घर करून राहतो. मुरमुरे लोकांनी खाल्ले आणि धूर एकट्या गिरजाबाईनं खाल्ला. साठी गाठता गाठता तिला भट्टीपासून दारापर्यंत यायला मध्ये दोनदा बसावं लागू लागलं, आणि मग भट्टी विझली ती विझलीच.

तिची सून धुरपता. ती चांद्याकडची, चंद्रपूरच्या कोळसा खाणीच्या वस्तीत पत्र्याच्या छपराखाली वाढलेली. लग्न होऊन ती उंबऱ्यात उभी राहिली, तेव्हाच सासूनं शेरा मारला होता, "नावातच धूर घेऊन आली मायी सून." तेव्हापासून दोघींचं सख्य विळ्या-भोपळ्याचं. भाजीत मीठ जास्त झालं तरी वाद आणि कमी झालं तरी वाद. लहानू, म्हणजे एकीचा मुलगा आणि दुसरीचा नवरा, बांबूतोडीला जंगलात जायचा तो बाजाराच्या दिवशीच घरी उगवायचा. या दोघींच्या भांडणातून सुटका म्हणूनच तो जंगलात राहतो, असं गावात चेष्टेनं म्हणत.

म्हातारीचा खोकला वाढला तसं गावानं टीबी ठरवून टाकला आणि तिचा पेला वेगळा निघाला. धुरपता चिडली. आपण भांडतो ते वेगळं, पण घरच्या माणसाचा पेला लोकांनी वेगळा करायचा म्हणजे काय? तिनं बैलगाडी जुंपायला लावली, सासूला मोटारीपर्यंत नेलं आणि गडचिरोलीच्या दवाखान्यात उभं केलं. गडचिरोली जिल्हा चांद्यातून वेगळा होऊन चार वर्षं झाली होती, तरी म्हातारी वाटभर "चांद्याच्या डाक्टराले दाखव" म्हणत राहिली.

थुंकी तपासली. टीबी नव्हता. डॉक्टर धुरपताला बाजूला घेऊन म्हणाले, "धुरानं फुफ्फुसं खराब झालीत. गेलं ते परत येणार नाही. पण आहेत तितके दिवस तिचा श्वास सोपा करता येईल. धूर बंद. आडवं झोपवायचं नाही, टेकून बसवायचं. जेवण थोडं थोडं द्यायचं. आणि दम लागला की ओठ चंबूसारखे करून श्वास हळूहळू सोडायचा."

हे शेवटचं काही केल्या गिरजाबाईला जमेना. ती श्वास घ्यायलाच धडपडायची, सोडायचं विसरायची, आणि डोळे पांढरे करायची. शेवटी एका सकाळी धुरपतानं वैतागून कोपऱ्यातली फुंकणी आणली आणि तिच्या तोंडाला लावली.

"फुका!"

"जाळ कुठी हाये वो?"

"हाये असं समजून फुका. कोंडा वला हाये. एकदम नोका फुकू, इझून जाईन."

गिरजाबाईनं फुंकलं. लांब, सावकाश, जन्मभर फुंकलं तसं. पुन्हा फुंकलं. खांदे खाली आले, ओठांचा निळसरपणा उतरला. जिनं तिची छाती जाळली, तीच नळी आता तिच्या उशाशी राहू लागली. धुरपताला या गोष्टीचा राग यायचा आणि फुंकणीचा आधारही वाटायचा.

चूल तिनं अंगणात मांडली. पण पूस महिना लागला. जंगलाकडून येणारी थंडी अशी, की पाणी प्यायचं तर दात धरावे लागत. घरात विस्तव नसला तर म्हातारी कुडकुडून खोकायची आणि असला तर धुरानं खोकायची. इकडे आड, तिकडे विहीर. बसल्या बसल्या तिचा डोळा लागे आणि लगेच दम कोंडून ती जागी होई. तिला सलग झोप मिळावी, एवढं एकच धुरपताला हवं होतं. ती वर पाहायची, तर छपराखाली धूर गोळा होऊन तिथंच घुटमळत असे.

एका दुपारी म्हातारी गाठोड्याला टेकून पेंगत असताना तिनं शिडी लावली. आतल्या चुलीच्या वरची कवेलू, म्हणजे छपराची कौलं, एकेक करून काढली. चांगलं सुपाएवढं भोक पडलं. ऊन सरळ चुलीवर आणि म्हातारीच्या गोधडीवर पडलं. गिरजाबाईनं डोळे उघडले. वर आभाळ, आणि आभाळात सुनेचं तोंड.

धुरपता शिव्यांची वाट पाहत होती. म्हातारीनं गोधडी नीट केली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्या दिवसापासून घरात विस्तव ठेवता आला. धूर वळसा घेऊन भोकातून निघून जायचा. धुरपता खूश झाली, पण म्हातारी भांडायची थांबली. भाजीत मीठ पडलंच नाही, तरी ती गप्प. मग ती जेवेनाच, दोन घासांवर ताट सरकवायची. गोळ्या गोधडीखाली सापडल्या. एकदा म्हणाली, "मायी हिरवी साडी पेटीत तळाशी हाये. तू ठेव." धुरपताला वाटलं, म्हातारपणी माणूस मऊ होतं.

बाजाराच्या दिवशी लहानू आला आणि त्याच्यामागोमाग शेजारची सुकरीबाई डोळ्यांना पदर लावत आत शिरली. मागून आणखी चार बाया. त्या भिंतीशी बसल्या.

"का झालं वो?" धुरपतानं विचारलं.

"कवेलू काढले दिसले," सुकरीबाई मुसमुसत म्हणाली. "मनलं, भेटून घ्यावं. कवापासून अडकला हाये जीव?"

धुरपताला काही कळेना. लहानूचं तोंड उतरलं होतं. त्यानं खाली मान घालून सांगितलं. त्यांच्या गावात माणूस मरणाला टेकलं आणि जीव काही केल्या जाईना, तर त्याच्या डोक्यावरची कवेलू काढतात. जीवाला जायला वाट करून देतात. पत्र्याच्या वस्तीतून आलेल्या धुरपतानं हे कधी पाहिलं-ऐकलं नव्हतं.

चार दिवस म्हातारी उपाशी होती. सुनेनं वाट करून दिली, आता जायला उशीर कशाला, म्हणून गोळ्या लपवत होती. धुरपतानं बायांना अक्षरशः हाताला धरून बाहेर काढलं आणि सासूपुढे येऊन बसली.

"आत्याबाई, मी ते धुरासाठी काढले. तुमची आन."

गिरजाबाई हसल्यासारखी झाली. दम घेत घेत बोलली, "धुरासाठी? उभा जलम धुरात होती मी. सासू होती, नवरा होता, हा लेक होता. धुरासाठी कोनी एक कवेलू नाई काढलं. आता तू काढशीन?"

लहानू उठून बाहेर गेला. म्हातारी खोटं बोलत नव्हती. आणि सून म्हणून गेली बारा वर्षं धुरपता स्वतःही त्याच घरात होती. तिला तिथल्या तिथं रडू फुटलं. रडता रडताच तिनं म्हातारीची गोधडी ओढून भिंतीकडे सरकवली आणि भोकाच्या बरोबर खाली स्वतःची वाकळ अंथरली.

"इथी मी झोपतो. वाट जीवाचीच असन, तं पयले माया जीव जाईन. मंग तं खरं वाटन?"

"पागल झाली काय? ऊठ तठून!"

"नाई उठत."

"ऊठ मनतो ना, रांडे!"

ती शिवी ऐकून धुरपताचा जीव भांड्यात पडला. तिनं चुलीत ओली काटकी घातली. धूर उठला, तिच्या अंगावरून वळला आणि वर निघून गेला. दोघी त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग म्हातारीनं हात पुढे केला आणि म्हणाली, "भात हाये का?"

थंडीभर धुरपता त्या भोकाखालीच निजली, दवानं भिजली, शिंकत राहिली, पण जागा सोडली नाही. गिरजाबाई कधी कधी सलग झोपायची. मीठ पुन्हा कमी-जास्त होऊ लागलं. आता मला कोणी विचारलं तर मी म्हणेन, त्या घरातले सुखाचे दिवस तेच.

पण फुफ्फुसं काही माघारी आली नाहीत. पावसाळ्यात कवेलू पुन्हा लावावी लागली. श्रावणात झड लागली, रस्ते तुटले, मोटार बंद पडली. गिरजाबाईचे पाय सुजले. ओठ निळे झाले ते निळेच राहिले. फुंकणी धरायलाही हातात जोर नव्हता, धुरपताच तिच्या तोंडाशी धरून बसायची. एका सकाळपासून तर श्वास नुसता वरच्या वर अडकत होता. ना आत जाई, ना बाहेर येई. लहानू पाय चेपत होता. असं दुपारपर्यंत चाललं. ते बघवत नव्हतं.

गिरजाबाईनं सुनेकडे पाहिलं. मग वर छपराकडे पाहिलं.

"धुरपते," ती म्हणाली, "लय धूर झाला वो घरात."

चूल काल रात्रीपासून थंड होती.

धुरपतानं फुंकणी लहानूच्या हातात दिली.

"होय आत्याबाई. झाला खरा."

ती उठली आणि भर पावसात शिडी लावायला गेली.