उलट्या आट्यांचा होन

दचकू नका, बोलतोय तो मीच, होन. सोन्याचा होन नव्हे, तेवढं कुठलं माझं नशीब! मी लोखंडाचा, इंजिनाचा सिलिंडर आतून घासून सारखा करणारा. मला तीन पाय, आणि प्रत्येक पायाला घासायचा एक लांबट दगड. डोक्याचा नट फिरवला की पाय फाकतात, उलटा फिरवला की मिटतात. त्यामुळे लहानमोठ्या सगळ्या सिलिंडरांना मी एकटा पुरतो.

माझा जन्म गल्लीतल्या एका वर्कशॉपमध्ये झाला, तोही एका सुनेच्या हातून, तिच्या सासऱ्यापायी. त्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, जन्मभर सिलिंडर घासले. त्यांच्या जुन्या होनला साधा नट होता, किती आवळायचा ते त्यांच्या बोटांनाच कळायचं. पुढे बोटं थरथरू लागली. बेकरीवाल्याच्या स्कूटरचा सिलिंडर नको तितका घासला गेला, आणि बाबांनी एप्रन खुंटीला अडकवला.

"आता तूच बघ सगळं," ते सुनेला म्हणाले.

सून त्यांच्याच हाताखाली लेथ शिकलेली. काम तिनं पेललं, पण दारात स्टुलावर बसून रस्ता न्याहाळणारे सासरे तिला बघवेनात. म्हणून तिनं मला घडवलं. माझ्या नटाखाली तिनं दातेरी चकती बसवली आणि स्प्रिंगवर एक छर्रा. नट एक दात सरकला की 'टिक' वाजतं. बाबांची बोटं थरथरत असली तरी कान तिखट होते.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. भंगारातल्या सिलिंडरात ड्रिलनं मला गरगर फिरवलं, तसा नट झटक्यानं आपोआप सरकला, पाय फाकत गेले आणि एक दगड कट्कन तुटला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आटे कसे पाडलेस?" दारातून आवाज आला.

"नेहमीसारखेच."

"तिथंच घोळ झालाय. उलटे पाड. मग नट सरकला तरी पाय मिटतील, फाकणार नाहीत. आणि स्प्रिंग जरा कडक घाल."

"तिथून काय सांगताय, बाबा? इथं येऊन दाखवा की."

बाबा कुरकुरत उठले. उलटे आटे पाडून होईपर्यंत ते लेथपाशीच उभे होते.

काही दिवसांनी बेकरीवाला दुसरी स्कूटर घेऊन आला. सुनेनं सिलिंडर बांधला आणि मला बाबांच्या हातात दिलं. "मागचं विसरलीस काय?" ते पुटपुटले. बेकरीवाल्याची नजर त्या थरथरत्या हातावरच होती. मलाही धाकधूक वाटत होती.

बाबांनी नट फिरवला. टिक. घासलं, मापलं. पुन्हा टिक. पुन्हा मापलं, आणि हात आवरला. तेल लावून सुनेनं पिस्टन वरून सोडला, तर तो ना सैल, ना घट्ट, अलगद खाली उतरला.

बाबांनी खुंटीवरचा एप्रन काढला. "ते स्टूल हलव गं तिथून, येताजाता पायात येतं," ते म्हणाले.

तेव्हापासून माझे दगड कितीदा झिजले आणि नवे बसले. बाबांचे हात अजून थरथरतात. ते कामाला उभे राहिले की सून रेडिओ बंद करते, टिक नीट ऐकू यावी म्हणून.

माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरात कुणाचे हात थरथरू लागले, तर त्यांच्या हातचं काम काढून घेऊ नका. आधी हत्यार बदलून बघा.