यादीत नाव होतं म्हणे

तुम्ही खोटं लिहिलंत. चौकशी समितीच्या खुर्च्यांत बसून, चष्मे पुसत, अहवालाच्या चौथ्या पानावर तुम्ही लिहिलंत, 'घटनेच्या वेळी निरोप्या हा प्रोग्रॅम चालू होता.' चालू नव्हता. यादीत त्याचं नाव होतं, एवढंच. यादीत नाव असणं आणि चालू असणं यातला फरक हॉस्पिटलच्या तळमजल्यावरचा ऑपरेटर कधीचा घसा फोडून सांगतोय. तुम्ही ऐकलं नाहीत.

ऐकलं ते वॉर्डातल्या सिस्टरनं. कॉम्प्युटरच्या खोलीत गारवा असतो म्हणून ती तिथं डबा खायला यायची. एकदा स्क्रीनकडे बघत म्हणाली, "भाऊ, या यादीत दिवसभर काय बघता हो? आणि नावांपुढं ही अक्षरं कसली?"

"मशीनमधली कामं आहेत ही. कोण कुठल्या अवस्थेत आहे ते अक्षर सांगतं. आर म्हणजे हात चालू. असे एका वेळी दोन-चारच. बाकी एस, झोपलेले. हाक मारली की उठतात."

"म्हणजे आमचे वॉर्डबॉय."

"तुमचे डी असतील. डीसुद्धा झोपलेलाच, पण डिस्ककडून काहीतरी यायची वाट बघत. ते येईपर्यंत हाका मारा, मारून टाकायचा हुकूम द्या, ढिम्म हलत नाही."

"मग डीच!" सिस्टर खो खो हसली. "आणि हा झेड?"

"तो मेलाय."

"मेलाय तर यादीत कशाला?"

"ज्यानं त्याला जन्माला घातलं त्यानं येऊन विचारायचं असतं, कसा गेलास बाबा. जाताना तो एक आकडा मागं ठेवतो. तो कुणी विचारून नेईपर्यंत नाव पुसलं जात नाही."

सिस्टरचा घास हातातच राहिला. "जेवताना काय सांगता हो," म्हणाली आणि डबा बंद केला.

टीबद्दल तिनं विचारलं नाही. टी सहसा दिसतच नाही. टी म्हणजे थांबवलेला. मेला नाही, झोपला नाही. कुणीतरी छातीवर हात ठेवून जागच्या जागी उभा केलेला. 'चल' म्हटल्याशिवाय बोटही हलवायचा नाही.

निरोप्याचं काम साधं होतं. लॅबमधला रिपोर्ट उचलायचा आणि वॉर्डाच्या प्रिंटरवर टाकायचा. तीन वर्षांपूर्वी 'तात्पुरता' म्हणून तो स्क्रीनवरच्या एका उघड्या खिडकीत सुरू केला, तो तसाच राहिला. त्याच्यावर नजर ठेवायला एक हिरवा दिवा होता. दिवा यादीत नाव शोधायचा. सापडलं की हिरवा. अक्षर बघायचा नाही. 'दिव्याला अक्षर बघायला शिकवू द्या, दोन ओळींचं काम आहे,' असा अर्ज ऑपरेटरनं तीनदा दिला. परवानगीशिवाय हात लावायचा नाही, हा नियम. तिन्ही अर्ज मोठ्या साहेबांच्या टेबलावर आडवे झाले.

त्या दिवशी दुपारी साहेब पाहुण्यांना घेऊन खोलीत आले. "मीटिंग हॉलचा प्रोजेक्टर बघून ये जरा," असं म्हणून त्यांनी ऑपरेटरला वर पिटाळला. पाहुण्यांना कौतुक दाखवायचं होतं. साहेब खुर्चीत बसले आणि जी खिडकी समोर होती तिच्यातच त्यांनी पाहुण्यांचं आडनाव टाइप केलं. चुकलं. पत्रं लिहिताना चूक पुसायला ते जी दोन बटणं दाबतात तीच इथंही दाबली, कंट्रोल आणि झेड. इथं ती बटणं काही पुसत नाहीत. समोर जो चालू असेल त्याला थांबवतात. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. दिवा हिरवाच होता.

तीनला वॉर्डातून फोन आला. "भाऊ, नऊ नंबरचे शिंपीकाका घाबरे झालेत. रक्त कधीच पाठवलंय. रिपोर्ट नाही आला."

"लॅबला विचारा."

"विचारलं. फोनवर आकडे सांगायचे नाहीत असं परिपत्रक आहे म्हणतात, प्रिंटरवर येईल. तुमचा निरोप्या चालू आहे ना?"

ऑपरेटरनं मान वळवली. हिरवा. "चालू आहे."

साडेतीनला पुन्हा फोन. पुन्हा हिरवा. पुन्हा, "चालू आहे हो, सिस्टर." ज्यानं अक्षरं शिकवली, त्यानंच अक्षर पाहिलं नाही. हे तो कुणापासून लपवत नाही. रोज सकाळी तोंड धुताना स्वतःलाच शिव्या घालतो.

पाच वाजता त्याला खिडकीत ते चुकलेलं आडनाव दिसलं, आणि त्याच्यापुढं तीच दोन बटणं दाबल्याची खूण. त्यानं यादी उघडली. निरोप्या, टी. आधी मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढला, मग 'चल' म्हटलं. अडकलेले एक्केचाळीस रिपोर्ट धो धो सुटले. वॉर्डात प्रिंटर खडखडायला लागला. अकरावा कागद शिंपीकाकांचा. रक्तातलं पोटॅशियम इतकं वाढलेलं की लॅबनं 'ताबडतोब डॉक्टरांना कळवा' असं ठळक छापलेलं. वेळ, दोन चाळीस. सिस्टरनं तो कागद हातात घेतला तेव्हा काकांना जाऊन चाळीस मिनिटं झाली होती. त्यांची मुलगी पायथ्याशी बसून उशीचा उसवलेला अभ्रा दुमडत होती.

मग साहेबांनी ऑपरेटरला बोलावून तुमच्या समितीला द्यायचा एक कागद पुढं सरकवला. 'प्रोग्रॅम चालू होता. सिस्टरनं पाठपुरावा केला नाही.'

"सही कर. तुझंही नाव यात नाही. डोकं चालव जरा."

"आणि सिस्टर?"

"तिची नोकरी जाईल. तुझी राहील."

सिस्टर बाहेर बाकावर बसली होती. तो दिसताच उठली. "भाऊ, सही करा. तुम्हालाही लेकरंबाळं आहेत."

"तुम्ही दोनदा विचारलंत. दोन्ही वेळा मी खोटं सांगितलं. तिसऱ्यांदा लिहून देऊ?"

त्यानं कागद उलटा केला. पाठीमागं लिहिलं: मी न बघता चालू आहे म्हणालो, माझी नोकरी घ्या. सिस्टरनं दोनदा फोन केला, तिला सोडा. खाली तीन अर्जांच्या तारखा टाकल्या, फोटो जोडला, सही केली, आणि तो तुमच्या टेबलावर आणून ठेवला.

त्याला पंधरा दिवस झाले. तुम्ही वाचलाय तो. शिंपीकाकांची मुलगी रोज तुमच्या दाराशी येते आणि शिपाई तिला परत पाठवतो. तुमच्या यादीत तिच्या बापाचं नाव झेड लागून उभं आहे. तो कसा गेला हे तुम्ही विचारल्याशिवाय ते पुसलं जाणार नाही. म्हणून विचारा. दोन वाजून दहा मिनिटांनी त्या खुर्चीत कोण बसलं होतं? नाव लिहा, तारीख घाला, खाली सही करा. कधी करताय?