देव्हाऱ्यातलं हेल्मेट

सन दोन हजार चोवीस, दसरा. पाऊस सरला होता आणि नवी मुंबईतल्या पावणे गावच्या रस्त्यांवर चिखल वाळून धूळ उडत होती. त्या दिवशी मी कमळाकरच्या घरी आलो.

मी हेल्मेट बोलतोय. पाठीवर आयएसआयचा शिक्का आहे, तेवढंच माझं शिक्षण. काम एकच येतं, डोक्याच्या आधी आपटायचं.

कमळाकरचा मुलगा मितेश याने आपल्या आठवीतल्या मुलीसाठी, सोनलसाठी बॅटरीची स्कूटर घेतली. सोबत मी. सोनलच्या आजीने, शेवंताबाईंनी दोघांची पूजा केली. स्कूटरला झेंडूची माळ घातली, माझ्या कपाळावर कुंकवाने स्वस्तिक काढलं. मग म्हणाल्या, पूजेची वस्तू आता वापरायची कशी? मला पुन्हा प्लास्टिकमध्ये घालून देव्हाऱ्याशेजारी ठेवलं. स्कूटर रोज क्लासला वाशीला जायची. मी रोज उदबत्तीचा धूर खायचो.

स्कूटरचा वेग पंचवीसच्या वर जात नव्हता. म्हणून तिला नंबर लागत नव्हता, लायसनही नाही. मैत्रिणी तिला आजीबाईची गाडी म्हणायच्या. सोनल रुसली. मितेशने महाप्याच्या गॅरेजात नेऊन वेग अडवणारी वायर तोडून घेतली आणि घरी येऊन हसत सांगितलं. आता पन्नास पळते म्हणे.

वायर तुटली तेव्हाच कायद्याच्या लेखी खेळण्याची खरी गाडी झाली, नंबर आणि लायसन लागणारी. हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

ध्यानात आलं ते शेजारच्या गंगारामच्या घरी पोलीस आले तेव्हा. त्याचा नातू अशीच वायर तोडलेली गाडी चालवताना सापडला. कोर्टात उभा राहिला तो पोराचा बाप. पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही.

कमळाकर घरी आला आणि मितेशला म्हणाला, सोळा पुरी झाल्याशिवाय पोरीला गाडी नाय. निदान वायर तरी जोड.

"बाबा, टेन्शन घेऊ नका. रविवारी जोडतो."

म्हाताऱ्याने मला उचललं. प्लास्टिक टराटरा फाडलं, कुंकू अंगठ्याने पुसलं. शेवंताबाई आडव्या आल्या. पूजेचं हाय ते, म्हणाल्या.

"देव गाडी चालवत नाय," तो म्हणाला आणि मला नातीच्या डोक्यावर बसवून पट्टा आवळला.

रविवार आले नि गेले. मितेशला वेळ झाला नाही. उन्हाळा लागला. सोनलचा घाम माझ्या अस्तरात मुरला आणि वाळून पांढरा झाला. कमळाकरचं आयुष्य खाडीच्या मिठागरात गेलेलं. एका संध्याकाळी त्याने ते पांढरं बोटावर घेतलं, जिभेला लावलं.

"आता आमचं मीठ हाय तुझ्या अंगात," मला म्हणाला. "जाग त्याला."

मला आजवर असं कोणी बजावलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात वळणावर कंटेनर आला. सोनलने ब्रेक दाबला. रस्त्यावर खडी होती आणि गाडीला वेग होता. हात गाडीखाली गेला. डोकं फुटपाथच्या दगडाकडे गेलं. मी आधी पोचलो.

दवाखान्यात मी मितेशच्या हातात होतो. पोलिसाने गाडीचा नंबर विचारला, लायसन विचारलं, मुलीचं वय विचारलं. मितेश दर वेळी खाली, माझ्याकडे बघत होता. कानापासून टाळूपर्यंत मी चिरलो होतो.

सोनलचा हात प्लास्टरमध्ये आहे. डोक्यावर ओरखडा नाही. गाडी पोलिसांच्या आवारात पडून आहे. मितेशला कोर्टाची तारीख मिळाली आहे. सोनल बसने जाते.

शेवंताबाई मला गोंदाने सांधून पुन्हा देवापाशी ठेवायला निघाल्या होत्या. म्हाताऱ्याने अडवलं. माझंही तेच म्हणणं, आता मला कोणाच्या डोक्यावर घालू नका. एकदा आपटलेलं हेल्मेट दुसऱ्यांदा कामाचं नाही. आणि देव्हाऱ्यात तर मुळीच नको.

मीठ फिटलं.